हबेस, आरिया आणि बस

केरू मयेकर मुकादम म्हणून गोदीत आला तेव्हा मी विंचवर होतो. तो खाली उतारावर उभा राही, मी वर पत्र्याच्या शेडमध्ये. खाडीतून मच्छीमारी बोट लोखंडी ट्रॉलीवर घ्यायची. ट्रॉलीला वायररोप, रोपचं दुसरं टोक विंचच्या ड्रमवर. ड्रम फिरला की बोट रुळांवरून वर येते. डागडुजी झाली की तशीच पाण्यात सोडायची. सांगायला चार ओळी पुरतात. करण्यात माझी चौतीस वर्षं गेली.

शेडमधून मला बोट दिसत नसे. वर आल्यावर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, दिसे, तोवर काही नाही. म्हणजे मी डोळ्यांनी काम केलंच नाही, कानांनी केलं. केरू खालून ओरडायचा. ‘हबेस’ म्हणजे ओढ, ‘आरिया’ म्हणजे सोड, ‘बस’ म्हणजे थांब. पहिले दोन शब्द आपले नाहीत. जहाजावरच्या खलाशांनी ते आणले आणि किनाऱ्यावर टाकून गेले. आम्ही वापरले.

केरूची एक रीत होती. तो शब्द तोडून टाकत नसे, ओढत असे. हबेऽऽऽस. आवाज चालू तोवर विंच चालू. त्याचा श्वास संपला की मी लिव्हर सोडी. तो श्वास घेई, पुन्हा ओढी, मी पुन्हा लिव्हर धरी. ‘बस’ म्हणायची पाळी दिवसातून एकदोनदाच येई. वीस वर्षं आम्ही असं काम केलं आणि त्यात एक बोट आडवी झाली नाही.

त्याचा आवाज पार मांडवीपर्यंत जातो असं लोक म्हणत. त्याची बायको सावित्री म्हणे, “घरात पण असाच बोलतो. हा चहा मागतो नि शेजारीण आधण ठेवते.”

त्या आवाजात खरखर आली ती सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात. केरू म्हणाला, डिझेलचा धूर. मग म्हणाला, ओरडून ओरडून. तंबाखूचं नाव त्याने काढलं नाही. आठ महिने काढे पिण्यात गेले. मग मुंबईला नेलं. तिथे त्याचं स्वरयंत्र काढलं. आता तो गळ्याखालच्या भोकातून श्वास घेतो, त्यावर सुती फडकं बांधतो. तोंडाने फुंकर घालता येत नाही. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्याचा आवाज बाटलीतल्या माशीसारखा. गोदीत शेजारच्यालाही ऐकू येत नसे. ते त्याने कपाटात ठेवलं आणि प्लायवूडचा एक तुकडा घेतला. त्यावर सुताराच्या पेन्सिलीने लिहायचा. तुकडा भरला की पॉलिश पेपरने घासायचा.

त्याच सुमारास मी निवृत्त झालो. जुना डिझेल विंचही गेला. मालकाचा मुलगा ओमकार याने विजेची मोटर बसवली. ती चालवायचा कंट्रोल बॉक्स त्याने कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्यातून उचलला होता. बॉक्सबरोबर कॉम्प्युटरवर चालणारा एक प्रोग्राम होता. तो उघडला की परवान्याचा नंबर मागे. नंबर देणारी कंपनी आता नाही. म्हणून बॉक्सवरची दोन बटणं दाबून काम चाले. बटणांवर ऋत्विक नावाचा तिशीतला इलेक्ट्रिशियन आणि खाली उतारावर कोणीतरी ओरडत. कोणीतरी म्हणजे ज्याला त्या दिवशी दुसरं काम नसेल तो.

केरू परत आला तेव्हा ओमकारने त्याला फाटकावर बसायला सांगितलं. आदरानेच सांगितलं. “केरूकाका, सावलीत बसा. येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवा.”

केरूने प्लायवर लिहिलं, “उतार माझा.”

“आवाजाशिवाय कसं करणार?”

केरू फाटकाकडे गेला. फाटकावर तो दीड वर्ष बसला. मी सकाळी गोदीत जायचो, उंडीच्या झाडाखाली बसायचो, सवय म्हणून. केरू फाटकावरून उताराकडे बघत असायचा. बोट वर येताना त्याचे खांदे हलायचे. ओरडताना हलायचे तसेच. आवाज नाही, खांदे फक्त. मी दुसरीकडे बघायचो.

त्याची मुलगी श्रद्धा चाकणला एका कारखान्यात आहे. इथल्याच पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केलेली. बापाशी फोनवर बोलता येईना म्हणून दोघं मेसेज करायची. एकदा केरूने तिला त्या बॉक्सचा फोटो पाठवला. तिने जे उत्तर पाठवलं ते त्याने मला दाखवलं. मोबाइल लांब धरून मी वाचलं.

“पप्पा, कंपनीचा प्रोग्राम म्हणजे नुसता चेहरा. हातपाय एका वेगळ्या फाइलीत असतात. तिला लायब्ररी म्हणतात. परवाना चेहऱ्याला लागतो, हातपायांना नाही. आपण आपला छोटा प्रोग्राम लिहायचा, पायथनमध्ये. त्यातून लायब्ररीतल्या कामांना नावाने हाक मारायची. मोटर फिरवणारी ती, आपण फक्त हाक मारणार.”

“लायब्ररी?” मी म्हटलं. “मग पुस्तकं कुठायत?”

केरूचे खांदे हलले. तो हसत होता. मग त्याने मेसेजमधल्या एका शब्दावर नख टेकवलं. ‘हाक’.

त्या दिवसापासून तो शिकला. वय छप्पन्न, शिक्षण दहावी, इंग्रजी बोटींवरच्या नावांपुरतं. श्रद्धाने आपला जुना लॅपटॉप दिला. फाटकावरून घरी आला की जेवायच्या आधी दोन तास, सकाळी खाडीवर जाऊन आल्यावर एक तास. मी मोजलं कारण मी शेजारी राहतो आणि त्याच्या ओटीवर बसतो. सात महिने. रविवार धरून.

कष्ट कुठे गेले ते सांगतो, कारण लोक म्हणतात लॅपटॉपवर बसणं म्हणजे आराम.

आधी लायब्ररी उघडेचना. फाइल होती, जागा बरोबर होती, तरी नाही. चार दिवसांनी श्रद्धाला कळलं की फाइल जुन्या मापाची आणि लॅपटॉपवरचा पायथन नव्या मापाचा. तीन सुती नटाला चार सुती पाना लावावा तसं. नट दिसतो, पाना दिसतो, फिरतो मात्र हात. जुन्या मापाचा पायथन घालावा लागला.

मग आतली नावं. त्रेचाळीस निघाली. कुठलं नाव काय करतं ते सांगणारी पुस्तिका अर्धी आणि तीही चिनी लिपीत. केरूने वहीत त्रेचाळीस ओळी आखल्या आणि रविवारी, गोदी बंद असताना, ऋत्विकला चहा पाजून बॉक्ससमोर बसून एकेक नाव हाक मारून पाहिलं. रोप ड्रमवरून काढून ठेवला होता. ते त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

मोटर फिरवणारं नाव सापडलं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या. मोटरचा नंबर, वेग, दिशा. याच क्रमाने. केरूने वेग आठ दिला. मोटर फिरली नाही. बॉक्स गप्प, लॅपटॉप गप्प. चूक झाली असंही कोणी म्हणेना. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. अकरा दिवस तो त्या ओळीकडे बघत होता. मग श्रद्धाच्या लक्षात आलं. लायब्ररीला वेग दशांशात हवा होता. नुसता आठ दिला तर ती तक्रार करत नाही. तिला भलतंच काही ऐकू येतं आणि ती गप्प बसते. तिसऱ्या रविवारी आठ टिंब शून्य दिलं. मोटर फिरली.

“अकरा दिवस एका टिंबासाठी,” मी म्हटलं. “मी असतो तर खाडीत फेकला असता.”

त्याने लिहिलं, “म्हणून तू लिव्हरवर होतास.”

लायब्ररीतली नावं लांबलचक इंग्रजी होती. केरूने आपल्या प्रोग्राममध्ये त्यांच्यावर आपली नावं चढवली. हबेस, आरिया, बस. देवनागरीत. श्रद्धाला वाटलं होतं चालणारच नाही. तिचा मेसेज आला, “पप्पा हे चालतं??? मलाच माहीत नव्हतं!” त्या दिवशी सावित्रीने घावणे केले. केरूने लॅपटॉप तिच्याकडे वळवून दाखवला.

“काय गो बाय,” ती मला ऐकू जाईल असं स्क्रीनला म्हणाली, “आता तुला ओरडणार तो. माझी सुटका.”

एप्रिलमध्ये केरूने ओमकारला रिकामी ट्रॉली ओढून दाखवली. लॅपटॉप उताराच्या कडेला, उलट्या पिंपावर. शेडपर्यंत लांब केबल. शेडमध्ये कोणी नाही. केरूने तीन बटणांवर रंगाचे ठिपके दिले होते. हिरवं दाबलं की हबेस, पिवळं दाबलं की आरिया, लांब बटणावर लाल, ते बस. त्याने हिरवं एकदा दाबलं, बोट उचललं आणि हात मागे बांधून उभा राहिला. ट्रॉली आपली वर येत राहिली. लाल दाबल्यावर थांबली.

सगळे टाळ्या वाजवत होते. सुतार म्हणाला, “केरू आता एका बोटाने बोट ओढणार!”

मीही खूश झालो. म्हटलं, “बरं केलंस. दाबून धरायला लागत नाय. हात दुखायचा नाय.”

हे मी बोललो. लिहून ठेवतो.

ओमकारने हिशेबी विचार केला. वरच्या माणसाचा पगार वाचत होता. ऋत्विकला दुसऱ्या कामाला लावता येणार होतं. तो म्हणाला, “काका, मेअखेरपर्यंत करा. बंदीच्या आधी चाळीसएक बोटी वर घ्यायच्या आहेत. तेवढ्या नीट झाल्या तर उतार तुमचा. एकही गडबड झाली तर मला पुन्हा विचारू नका. फाटकही परत मिळणार नाही, तिथे आता दुसरा माणूस ठेवतोय, एका कामाला दोन जमत नाहीत.”

केरूने ओमकारचा हात धरून हलवला.

एक जूनपासून मासेमारी बंद होते. त्याआधी सगळ्यांना बोटी वर हव्या असतात. मेमध्ये दिवसाला दोन, कधी तीन. केरूने एकतीस बोटी घेतल्या. मी उंडीखाली बसून पाहिल्या. ट्रॉलीबरोबर चालत तो खाली जाई, बोट नीट बसली का पाही, वर येऊन हिरवं दाबी. नाळ सरकली तर लाल. सात महिन्यांत वाळलेला माणूस पुन्हा भरला. बोटी चालवणारे तांडेल लोक त्याला चिडवायचे. “केरूभाव, आता शिवी कशी देता?” तो प्लायवर लिहून दाखवायचा. जी लिहायचा ती इथे लिहीत नाही.

बत्तिसावी बोट बाळा नागवेकरची. बाळा आमच्याच आळीतला, पंचेचाळिशीतला, स्वतःच्या बोटीवर स्वतः तांडेल. सकाळचे दहा वाजले होते. शेजारी एका बोटीचं फायबर घासत होते, पांढरी धूळ उडत होती. बोट ट्रॉलीवर बसली. बाळा ट्रॉलीच्या मागून, चाकांना लावायचे ठोकळे घेऊन, चालत होता. केरूने हिरवं दाबलं.

बोट अर्ध्यावर आली तेव्हा त्याला खोकला आला.

भोकातून श्वास घेणाऱ्याचा खोकला मी पाहिलेला होता. धूळ सरळ आत जाते. माणूस कमरेत वाकतो, दोन्ही हात गळ्याशी. तोंडाने काही करता येत नाही. केरू पिंपापासून दोन पावलं मागे गेला, मग गुडघ्यांवर बसला. फडकं काढून भोक मोकळं करायला धडपडत होता.

ट्रॉली वर येत राहिली.

खोकला आला की केरूचा आवाज तुटायचा. वीस वर्षांत शंभरदा तुटला असेल. आवाज तुटला की विंच थांबायचा. ते त्याच्या अंगात होतं. गप्प झालो की थांबतं. त्याने प्रोग्राम लिहिला तेव्हा हेच धरून चालला आणि धरून चाललोय हेही त्याला कळलं नाही. पण लायब्ररीला एकदा हाक मारली की ती मोटर सुरू करून देते आणि मोकळी होते. नंतर हाक मारणारा आहे की मेला, ती बघत नाही. मोटर चालू म्हणजे चालू.

वरच्या टोकाला एक स्विच असतो, ट्रॉली टेकली की मोटर बंद करणारा. आमचा खाऱ्या हवेने गंजून पडला होता. मी असताना तीनदा सांगितलं होतं. तेव्हा तो नसला तरी चालत होतं. माणूस होता.

लोकांना आधी वाटलं, केरू आहे ना. मग ट्रॉली रुळावरच्या थांबायच्या खुणेपुढे गेली तेव्हा आरडाओरडा झाला. “बस! बस! अरे बस!” दहा माणसं ओरडत होती. शेडकडे तोंड करून. शेड रिकामी. लॅपटॉपवर त्याच नावाचं काम लिहिलेलं होतं, देवनागरीत, आणि त्याला कान नव्हते. पिंपाजवळ कोणी गेलं नाही. कुठलं बटण ते केरूखेरीज कोणाला माहीत नव्हतं. लाल ठिपका होता, पण घाबरलेल्या माणसाला रंग दिसत नाही.

मी उठलो. उंडीपासून शेड पंचेचाळीस पावलं. मेन स्विच कुठे आहे ते मला डोळे मिटून सांगता येतं. माझा उजवा गुडघा चार वर्षं वाकत नाही. मी पंचेचाळीसपैकी चाळीस पावलं गेलो असेन तेव्हा ट्रॉली वरच्या ओंडक्यांवर आदळली. मोटर ओढतच होती. मग रोप तुटला. तुटलेलं टोक पत्र्यावर बसलं ते मी ऐकलं. मी स्विच पाडला. त्याचा उपयोग काही नव्हता, पण पाडला.

ट्रॉली बोटीसकट उतारावरून मागे गेली. बाळा बाजूला उडी मारत होता. डावा पाय रुळावर राहिला.

पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. सळया घातल्या. बोटीच्या तळाचं मुख्य लाकूड तडकलं आणि बोट खाडीत अर्धी बुडून राहिली. बाळाचा पुढचा हंगाम गेला. त्यापुढचाही, पाय लहान झाला म्हणून.

ओमकार ओरडला नाही. पोलीस येऊन गेल्यावर तो केरूजवळ आला, म्हणाला, “काका, घरी जा.” तेवढंच. केरूने प्लायचा तुकडा शोधला. तो कोणाच्या तरी पायाखाली मोडला होता. तो हाताने काहीतरी दाखवू लागला. गळ्याकडे, मग लॅपटॉपकडे, मग पुन्हा गळ्याकडे. ओमकार म्हणाला, “समजलं.” त्याला समजलं नव्हतं. मला समजलं होतं.

पाच दिवस केरू ओटीवर आला नाही. सहाव्या दिवशी आला. नवीन तुकडा होता हातात. त्यावर आधीच लिहून आणलं होतं.

“मी गप्प झालो की विंच थांबायचा. कसा?”

मी म्हटलं, “मी लिव्हर सोडायचो.”

वीस वर्षांत त्याने हा प्रश्न केला नव्हता. त्याच्या लेखी तो ओरडत होता आणि विंच ऐकत होता. मध्ये एक माणूस बसला आहे, कान लावून, हात लिव्हरवर, जांभई न देता, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. मीही कधी सांगितलं नाही. कष्ट केले, ते सांगायचे असतात असं मला वाटलं नाही.

त्याने घासलं आणि लिहिलं, “आधी का नाही बोललास?”

“तू विचारलं नाहीस.”

हे उत्तर खरं आहे. ते देऊ नये असं होतं. एप्रिलमध्ये त्याने बोट उचललं आणि ट्रॉली चालत राहिली तेव्हा माझ्या हाताला तरी कळायला हवं होतं. चौतीस वर्षं ज्या हाताने सोडलं त्या हाताला. मी हात दुखणार नाही म्हणून खूश झालो.

केरूने तुकडा घासला नाही. तसाच काखेत घेऊन गेला.

त्यानंतर त्याने प्रोग्राम बदलला. श्रद्धाने मदतीला नाही म्हटलं, तिला भीती वाटत होती. एकट्याने केला. आता बटण दाबून धरावं लागे. दाबलेलं असेपर्यंत प्रोग्राम अर्ध्या सेकंदाला एकदा लायब्ररीला हाक मारी आणि दर हाकेत तिला फक्त एका सेकंदाची मुभा देई. हाक चुकली की मोटर बंद. लॅपटॉप बंद पडला तरी बंद. माणूस पडला तरी बंद. त्रेचाळीस नावांत तशी सोय असलेलं एक नाव होतं. सातव्या ओळीत. वहीत त्याच्यापुढे त्याने पहिल्या वेळी लिहिलं होतं, ‘गरज नाही’.

पुढच्या वर्षीच्या श्रावणापर्यंत ते काम चाललं. ऋत्विक चांगला निघाला. त्याने एका रविवारी मालकाला न सांगता बॉक्सला जोडून दिलं. रोप काढून ठेवून केरूने साठ वेळा करून पाहिलं. साठही वेळा बोट उचललं की ड्रम थांबला. मी मोजलं. एकसष्टाव्या वेळी त्याने केबलच उपटली. ड्रम थांबला. मी म्हटलं, “झालं. हे माझ्यापेक्षा बरं.” खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ओमकारकडे गेलो. केरूने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी सगळं सांगितलं, जितकं मला कळलं होतं तितकं. हाक, मुभा, अर्धा सेकंद. ओमकारने ऐकून घेतलं. मग तो आम्हाला शेडमध्ये घेऊन गेला. तिथे नवा बॉक्स ठेवलेला होता, खोक्यातून अर्धा काढलेला. त्याला जाड केबल आणि हातात धरायचा पिवळा रिमोट.

“पुढच्या आठवड्यात बसवतोय,” तो म्हणाला. “दाबून धरलं तरच चालतो. सोडला की बंद. कंपनीच तसा देते.”

केरूने रिमोट हातात घेतला. दोन बटणं होती. त्याने एक दाबलं, सोडलं. दाबलं, सोडलं.

“मग हा केरू चालवेल,” मी म्हटलं. “बोलायला तर लागत नाय.”

ओमकार माझ्याकडे वळला. “बाबूकाका, बाळाची बायको इथे येऊन बसते दर महिन्याला. तिच्यासमोर मी यांना उतारावर उभं करू?”

केरूने रिमोट खोक्यात जसा होता तसा ठेवला, केबलची वेटोळी नीट करून.

श्रद्धा म्हणाली, चाकणला या. सावित्री तयार होती. केरू गेला नाही. वर्षभर घरात बसला. मग आरे-वाऱ्याच्या रस्त्यावर एकाने नारळपाणी नि भजीचं हॉटेल काढलं, त्याच्या आवारात गाड्या लावून घ्यायचं काम त्याला मिळालं.

दिवाळीच्या सुट्टीत मी एसटीने गेलो. पुण्यामुंबईच्या गाड्यांची रांग होती. मालकाने शिटी दिली होती. ती त्याच्या गळ्यात लटकत होती. फुंकायला हवा तोंडात येत नाही, हे मालकाला सांगायचं राहून गेलं असावं. गाडी मागे घेताना तो हाताने ये-ये करी आणि जागा संपली की डिकीवर थाप मारी.

एक माणूस खाली उतरला. “ओ काका, गाडीला हात का लावता? तोंड नाही का तुम्हाला?”

केरूने मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे गेला. मी त्या माणसाला म्हटलं, “तोंड हाय त्यांना. आवाज नाय.” तो जरा थांबला, मग सॉरी म्हणाला. केरूला नाही, मला.

गर्दी कमी झाल्यावर तो माझ्याजवळ कठड्यावर बसला. मी विचारलं, “लॅपटॉप?”

त्याने लिहिलं, “श्रद्धाने नेला. बिघडला म्हणून विकला.”

“आणि आतलं?”

“आतच होतं.”

वहीचं विचारलं तर नुसता हात हलवला. मला वाटलं होतं की निदान तो प्रोग्राम कुठेतरी असेल. साठ वेळा थांबलेला. कोणालातरी दाखवता येईल. नव्हता. सात महिने आणि त्यावरचं एक वर्ष, मिळून काय राहिलं ते मी शोधलं आणि मला सापडलं नाही.

मी बाळाला त्या आठवड्यात भेटलो होतो. काठी घेऊन चालतो. मी ते केरूला सांगितलं. त्याने पेन्सिल खिशात ठेवली.

एक मोठी गाडी आत वळली. केरू उठला. या वेळी तो बाजूला उभा राहिला नाही. गाडी मागे येत होती आणि तो तिच्या बरोबर मागे, कठड्याला पाठ लावून, दोन्ही हात वर करून उभा होता. कठडा नि गाडी यांत जागा कमी होत गेली. त्याने हात पसरले. गाडी थांबली. त्याच्या पोटापासून हातभर राहिली असेल.

गाडीतले लोक उतरून समुद्राकडे गेल्यावर मी त्याच्यावर ओरडलो. “मेल्या, बाजूला उभा रहा की! ब्रेक नाय लागला तर?”

त्याने खिशातून पेन्सिल काढली. “बाजूला राहिलो की दिसत नाही. मागे राहिलो की थांबतात.”

“आणि नाही थांबले तर?”

त्याने ते वाक्य पॉलिश पेपरने घासलं. तुकडा माझ्या हातात दिला आणि पुन्हा कठड्याला पाठ लावली. दुसरी गाडी आत येत होती.